टोपोशीटवरून आडवाट आखताना तुम्ही नेमकं काय बघता?

आडवाटकर
मंडळी, डिसेंबरात तिघांचा बेत शिजतोय. घाटमाथ्यावरच्या मोहरी गावात गाडी लावायची, बोराट्याच्या नाळेने (कड्यातली अरुंद घळ) लिंगाण्याच्या खिंडीकडे उतरायचं, खाली एक मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी सिंगापूर नाळेने घाटावर परत. दोन्ही नाळांबद्दल नेटवर ढिगाने लिहिलेलं आहे, त्यांची चिंता नाही. घोडं अडलंय ते मधल्या तुकड्यात. दापोलीपर्यंत उतरून पुन्हा चढाई सुरू करायची त्यापेक्षा कड्याच्या पोटातून, पदरातूनच (कड्याखालचा सपाटसर टप्पा) आडवं मारून सिंगापूर नाळ गाठता येईल का?

शीटवर कड्याखाली एक पट्टा दिसतो, तिथे कंटूर (समान उंचीच्या रेषा) जरा सैल झालेत. मध्ये तीन ओढे आडवे येतात. या तुकड्याचा एकही ट्रॅक कुठे सापडला नाही. पदर चालण्याजोगा आहे की नाही हे १:५०,००० च्या नकाशावरून कसं ओळखता? आणि घरी बसून किती ठरवता, जागेवर किती सोडता?

चहाबाज
मी जेवण घरी ठरवतो. बाकी सगळं जागेवर.

नवशिक्या_नाना
दापोलीला तर समुद्र आहे ना? तिथून घाट कसा चढणार? प्रामाणिक शंका.

आडवाटकर
नाना, ही महाड तालुक्यातली दापोली. रत्नागिरीची नव्हे. इथून समुद्र बघायचा तर बराच चालावं लागेल.

कातळवेडा
चांगला प्रश्न. आधी गणित उरकून घेऊ.

१:५०,००० वर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. कंटूर २० मीटरला एक, आणि दर पाचवी रेषा जाड, म्हणजे दोन जाड रेषांत १०० मीटरचा चढ. पट्टी घेऊन या दोन जाड रेषांमधलं अंतर मोज. ४ मिमी भरलं तर २०० मीटर आडवं आणि १०० मीटर उभं, म्हणजे साधारण २७ अंश. असा उतार पाठीवर सॅक घेऊन निभतो. २ मिमी भरलं तर ४५ अंश. तिथे आडवं चालायचं म्हणजे दर पावलाला कारवीची (डोंगरउतारावरचं झुडूप) मुळी धरायची. १ मिमी आलं की साठाच्या वर, तो कडाच समज.

पण हे सगळं सरासरीचं. दोन रेषांच्या मध्ये १५ मीटरचा सरळसोट कातळ आरामात लपतो आणि नकाशा त्यात खोटं काहीच बोललेला नसतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या शीटवर काही ठिकाणी आकड्यापुढे बारीकसा r असतो, ती सापेक्ष उंची, म्हणजे पायथ्यापासून वरपर्यंतची. कड्याच्या खुणेशेजारी असा आकडा दिसला तर तो सोडू नकोस. मात्र असा आकडा सगळ्याच कातळांना दिलेला नसतो.

दुसरी गोष्ट आपल्या डोंगराची. सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक आडवे थर. कठीण थराचा कडा होतो, मऊ थर झिजून पदर होतो. थर जवळजवळ सपाट असल्यामुळे एका नाळेत कातळटप्पा ज्या उंचीवर लागतो, शेजारच्या ओढ्यातही तो साधारण त्याच उंचीवर लागायची शक्यता असते. म्हणून बोराट्यात उतरताना आल्टिमीटरवर (उंचीमापकावर) नजर ठेव. कुठल्या उंचीला कातळ लागला, कुठे माती लागली, लिहून घे. मधले तीन ओढे कुठे आडवे येतील याचा अंदाज त्यातूनच निघेल. हे काम नकाशा करून देत नाही.

सह्यमुंगी
कातळवेडा, सलाम. वाचनखूण साठवली आहे.

दत्तूकाका
आमच्या वेळी ही शीटं मिळवायलाच आधी मोहीम काढावी लागे. कोकणपट्टीची शीटं रिस्ट्रिक्टेड. संस्थेच्या लेटरहेडवर पत्र, त्यावर सही-शिक्का, मग हेलपाटे. मिळालं शीट तर ट्रेसिंग पेपर टाकून पेन्सिलीने उतरवून घ्यायचं आणि मूळ प्रत कपाटात. आता २००५ च्या नकाशा धोरणानंतर सगळ्यांना खुली अशी ओपन सिरीज वेगळी झाली, पुढे पीडीएफही फुकट मिळू लागल्या. तरी पोरं विचारतात ट्रॅक आहे का.

बाळा आडवाटकर, स्पष्ट सांगतो, रागावू नकोस. पदर चालण्याजोगा आहे का हे नकाशाला विचारायचं नसतं, गावाला विचारायचं असतं. संध्याकाळी दापोलीत जा, गुरं परत यायच्या वेळेला. कुणाची गुरं पदरात चरतात ते शोध.

उपग्रही
काका, आदर आहे, पण "गावाला विचारा" हे उत्तर आता पूर्वीइतकं पुरत नाही. वस्त्या उठून गेल्या, तरणी माणसं महाड-पुण्याला कामाला. गुरं कमी झाली तशा ढोरवाटा मोडल्या. ज्या म्हाताऱ्याने वाट वापरली त्याने ती वीस वर्षांत बघितलेली नसते, आणि तो छातीठोकपणे सांगतो, "हाय की वाट, सरळ जावा."

दत्तूकाका
विचारायची पद्धत असते. "वाट आहे का" असं विचारलंत तर हो-च येणार, पाहुण्याला नाही कोण म्हणेल? विचारायचं, "मामा, तुम्ही स्वतः शेवटचं कधी गेला होतात?" मग, "म्हस जाते का तिथून, का नुसती शेरडं?" मग, "बाया मोळी घेऊन येतात का त्या वाटेने?" जिथून मोळीवाली बाई येते तिथून तुम्ही सॅक घेऊन डोळे मिटून जाल. जिथून म्हैस जाते तिथून उघडे ठेवून जाल. नुसती शेळी जात असेल तर दोर घ्या. आणि नुसतं "शिकारीला जायचे पूर्वी" असं उत्तर आलं की खालच्या रस्त्याने घरी या.

चहाबाज
काकांचं हे कोष्टक शीटच्या समासात छापायला हवं.

मीनल_पलीकडची
मी गेली काही वर्षं कॅलिफोर्नियात आहे, सिएरा नेवाडात वाट सोडून बरंच चालते. इकडे १:२४,००० चे नकाशे फुकट मिळतात, त्या भागात कंटूर बहुधा ४० फुटांचे, म्हणजे १२ मीटर. झाडांच्या रेषेच्या वर गेलं की उघडा ग्रॅनाइट, दहा मैलांवरची खिंड डोळ्यांनी दिसते. तिथे टेबलावर आखलेली वाट नव्वद टक्के तशीच चालता येते.

तीच सवय घेऊन सुट्टीत भावाबरोबर सह्याद्रीत उतरले. नकाशावर अगदी सोज्वळ दिसणारा उतार निघाला डोक्याच्या वर गेलेल्या कारवीचा. एका तासात अर्धा किलोमीटरसुद्धा झालं नसेल. कारवी, करवंदाची जाळी, गवताखालचा घसारा (सुटी माती-दगड), यातलं काही कंटूरमध्ये येत नाही. शीटवरचा हिरवा रंग "जंगल" एवढंच सांगतो, आत काय वाढून ठेवलंय ते नाही. १८९२ सालचा नेस्मिथचा नियम आहे ना, तासाला ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त, तो स्कॉटलंडात ठेवून यावा. पदरातल्या आडव्या चालीला मी तासाला एक किलोमीटर धरते आणि तेही कमी पडलं तर तोंड पाडत नाही.

उपग्रही
मीनलताईंशी सहमत. म्हणूनच नकाशाच्या जोडीला गुगल अर्थ. त्यात जुन्या प्रतिमांची सोय आहे, तारीख मागे सरकवता येते. ऑक्टोबरची प्रतिमा नुसती हिरवी, काही कळत नाही. मार्च-एप्रिलची काढली की कारवीची पानं झडलेली, गवत जळालेलं, आणि ढोरवाटा पांढऱ्या रेघांसारख्या उमटतात. त्याच महिन्यात कुठल्या ओढ्यात हिरवा ठिपका टिकून आहे तेही बघायचं. तिथे पाणी असायची आशा.

कातळवेडा
प्रतिमेपुरतं ठीक. पण गुगल अर्थ तिरकं करून कडा "बघू" नका. आणि मोबाइल ॲपमधल्या कंटूरवर तर अजिबात विसंबू नका. त्यातले बहुतेक २००० साली अंतराळयानातून केलेल्या एसआरटीएम रडार सर्वेक्षणातून काढलेले आहेत. त्याचा एक ठिपका साधारण ३० मीटरचा. त्यात उभा कडा घासूनपुसून गुळगुळीत होतो. ॲप त्याच आकड्यांवरून १० मीटरचे कंटूर आखून देतं, रेषा सुबक, देखण्या. माणसाला वाटतं हे शीटपेक्षा बारीक. रेषा दुप्पट झाल्या म्हणून माहिती दुप्पट होत नाही. अरुंद नाळ तर त्यात कित्येकदा गायबच.

उपग्रही
शीटमधलं सर्वेक्षणही कित्येक दशकांपूर्वीचं, हेही सांगा की.

कातळवेडा
गावं, रस्ते, पायवाटा जुन्या. कडा तिथेच आहे.

सह्यमुंगी
जीपीएक्सवाल्यांनाही (जीपीएसने नोंदलेल्या ट्रॅकची फाइल घेऊन चालणाऱ्यांना) एक सांगणं आहे. नाळेत दोन्हीकडे भिंती असतात, सिग्नल आपटून आपटून येतो. रेकॉर्ड झालेला ट्रॅक मधूनच शंभर फूट उजवीकडे कड्यावर चढतो आणि परत येतो. मागून येणारा इमानदारीत कड्याशी झटापट करत बसतो.

रोहा_पॅसेंजर
कुणीतरी या धाग्यावर जीपीएक्स टाका ना प्लीज.

चहाबाज
वरच्या दोन प्रतिक्रिया लागोपाठ वाचून डोळे पाणावले.

निवडुंग
आडवाटकर, शीट कुठली काढलीस? कारण तुझा भाग नेमका ७३°३०' रेखांश आणि १८°१५' अक्षांश जिथे छेदतात त्या कोपऱ्याला लागून आहे. म्हणजे ४७ एफ/७, ८, ११ आणि १२ अशा चार शीटांचा चौक. जुन्या पद्धतीत प्रत्येक शीट १५ मिनिटं बाय १५ मिनिटं. तोरणा एफ/११ मध्ये, राजगड अक्षांशाच्या रेषेच्या जरासा खाली म्हणून एफ/१२ मध्ये. आपल्याला जे हवं ते कायम शीटच्या काठावर का असतं हा संशोधनाचा विषय आहे.

चारही शीटं आणून काठ कापून जोडलीस तरच पदराचा पट्टा सलग दिसेल. आणि जोडताना सगळी एकाच सिरीजची घे. जुन्या शीटांवरचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट पद्धतीने मोजलेले, ओपन सिरीजचे डब्ल्यूजीएस ८४ ने, जी जीपीएस वापरतं. जुन्या शीटवरचे अक्षांश-रेखांश तसेच मोबाइलमध्ये टाकलेस तर आपल्या भागात शंभरएक मीटर सरकतात. पठारावर काही बिघडत नाही. नाळेच्या तोंडाशी शंभर मीटर म्हणजे पलीकडची दुसरीच घळ.

आडवाटकर
चारही काढली आहेत, सगळी ओपन सिरीजची. जोडून दुप्पट मोठी करून छापली. डायनिंग टेबल गेलं. घरचे आता गॅलरीत जेवतात.

निवडुंग
मोठी छापल्याने डोळ्यांना सोपं जातं एवढंच, कंटूर २० मीटरचेच राहतात. आणि वरची पट्टी बदलते हे लक्षात ठेव, कातळवेडांचे ४ मिमी तुझ्या प्रिंटवर ८ मिमी झाले.

सुलभा_ठाणे
पाण्याचं कुणी बोललं नाही अजून. शीटवर ओढा काळ्या रेघेने दाखवला असेल तर तो कोरडा पडणारा, निळा असेल तर बारमाही, असा सरधोपट नियम. कड्याखालचे जवळजवळ सगळे ओढे काळेच सापडतील. डिसेंबरात डोहात थोडं साचलेलं मिळतं, पण त्याच्या भरवशावर मुक्काम ठरवू नये. आम्ही माणशी चार लिटर घेऊनच पदरात शिरतो.

रोहा_पॅसेंजर
चार लिटर? ताई, दोन पुरतात की. बाकी गावात भरायचं.

सुलभा_ठाणे
गाव टाळण्यासाठीच तर हा धागा निघालाय ना, दादा?

चहाबाज
षटकार.

दत्तूकाका
सुलभाताई बरोबर. आणखी एक. घाटाचा कडा पश्चिमेला तोंड करून आहे. कोकणातून नाळ चढायची तर पहाटे निघा, सकाळी दहा-साडेदहापर्यंत सावली मिळते. दुपारी दोनला त्याच नाळेत असाल तर पाठीवर ऊन आणि खालून तापलेले धोंडे. पाणी दुप्पट लागतं.

अवांतर: आग्या मोहोळं. कपारीत लटकलेली पोळी दिसली की आरडाओरडा नाही, अत्तर-सेंट नाही, धूर तर नाहीच. खाली चहाचं आधण ठेवायचा मोह आवरा.

चहाबाज
हे मला उद्देशून होतं का?

दत्तूकाका
हो.

कोयनाकाठ
परवानगीचं एक वाक्य. मोहरी-लिंगाणा पट्टा वेगळा. पण हा धागा वाचून कुणी कोयना, भीमाशंकर किंवा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आडवाटा आखायला बसेल म्हणून सांगतो. वनखात्याला विचारल्याशिवाय वाट सोडून शिरू नका. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात तर विचारच नको. कंटूर कितीही सैल असोत.

मीनल_पलीकडची
आणखी एक, इकडून कुणी येत असेल तर: उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं भारतात परवान्याशिवाय चालत नाहीत. सवयीने सॅकला अडकवून आणू नका, विमानतळावरच अडकाल.

सह्यमुंगी
मूळ प्रश्नाकडे. आडवाटकर, तुझ्या आखणीत एक गोष्ट मला आवडली आणि एक नाही.

आवडली ती अशी की उतरायची नाळ माहितीची, चढायची नाळ माहितीची आणि अनोळखी फक्त मधला आडवा तुकडा. अनोळखी नाळ वरून खाली उतरणं हा सगळ्यात वाईट प्रकार. एक टप्पा उडी मारून उतरता, दुसरा घसरून, तिसऱ्याला वीस फुटांचा सुका धबधबा लागतो आणि मागे चढता येत नाही.

न आवडलेली गोष्ट म्हणजे सुटकेच्या वाटा कुठे आहेत? पदर मध्येच तुटला तर काय करणार? बहुतेकांच्या डोक्यात येतं की ओढ्याने खाली उतरू, पाणी गावालाच जातं. पाणी धबधब्यावरूनही जातं. नकाशावर कंटूरचं टोक डोंगराकडे वळलेलं असेल तर ओढा, दरीकडे वळलेलं असेल तर सोंड. प्रत्येक दोन ओढ्यांमधली सोंड बघ, त्यातली कुठली खालपर्यंत अखंड जाते, कुठे जाड रेषा चिकटत नाहीत, ते आताच हायलाइट कर. तीन ओढे म्हणजे मध्ये दोन सोंडा. दोन्हीपैकी एक तरी चालणारी हवी. आणि घड्याळ ठरव. दुसरा ओढा साडेअकरापर्यंत ओलांडला नाही तर सोंडेने खाली, दापोली, विषय संपला. डिसेंबरात सहाला सूर्य जातो.

उपग्रही
साडेअकरा फार कडक वाटतं. एकपर्यंत चालेल.

सह्यमुंगी
एकला दुसऱ्या ओढ्यात, तीनला तिसऱ्यात, साडेतीनला सिंगापूर नाळेच्या तोंडाशी. पुढची चढाई विजेरीवर. तुम्ही जा, आम्ही वरून टाळ्या वाजवू.

निवडुंग
एक फुकटचा उपाय. रायगडावर जा. गडाच्या पूर्वेकडून लिंगाणा आणि त्यामागची घाटाची अख्खी भिंत समोर दिसते. कडा पश्चिममुखी, म्हणून सकाळी तो काळोखात आणि सूर्य डोळ्यांत. दुपारी तीननंतर उजेड तिरका पडतो तेव्हा प्रत्येक पदर, प्रत्येक कपार सावलीने वेगळी होते. मोठ्या झूमने फोटो काढ, घरी शीटशेजारी ठेवून ओढा न् ओढा ओळख.

आडवाटकर
निवडुंग, शनिवारी रायगडावर जाऊन आलो. रोपवेने गेलो, लपवत नाही.

भिंत आधी ओळखीचीच वाटेना. मग लिंगाण्याच्या खिंडीपासून एकेक ओढा मोजत गेलो. पहिला ओढा मोकळा दिसतो, दोन्हीकडे झाडी. पहिल्या ओढ्यापलीकडची सोंड दाट पण सलग. दुसऱ्या ओढ्यात मात्र मी जिथून ओलांडायचं ठरवलं होतं तिथे एक काळा आडवा पट्टा आहे. फोटोत शेजारच्या झाडांच्या मानाने तीन-चार माणसं उंच असावा. शीटवर तिथे दोन कंटूर आणि मध्ये कोरी जागा! हाच पट्टा पुढे तिसऱ्या ओढ्यातही जवळपास त्याच पातळीत जातो, कातळवेडा म्हणाले होते तसा. त्याच्या खाली साधारण ६० मीटरवर फिकट रंगाची एक आडवी पट्टी दिसते, गवताची असावी. तिथून जमेल असं वाटतं. म्हणजे आखलेल्या रेषेपेक्षा तीन कंटूर खालून.

कातळवेडा
फोटो बघितला. पट्ट्याच्या वर चुकूनही अडकू नकोस, मागे फिरायची वेळ येईल. पहिल्या सोंडेवरूनच खाली ये, ओढ्यात शिरून नव्हे. आणि ती फिकट पट्टी गवत आहे की घसारा हे फोटोत कळत नाही. मुरमाचा घसारा असेल तर तीन माणसांनी अंतर ठेवून, एकामागे एक.

दत्तूकाका
फोटो छान. आता तो फोटो घेऊन दापोलीत जा आणि गुराख्याला दाखव. नकाशा त्यांना कळेलच असं नाही, पण स्वतःचा डोंगर फोटोत लगेच ओळखतात. बोट ठेवून सांगतील.

उपग्रही
हे मात्र पटलं, काका.

आडवाटकर
पुढच्या रविवारी दापोलीतून पाठीवर ओझं न घेता वर चढून दुसऱ्या ओढ्यापर्यंत बघून येतो. आधी कुणी भेटलं तर काकांचे तीन प्रश्न विचारतो. साडेअकराची वेळ मान्य, उपग्रही माफ करा. सुलभाताई, चार लिटर लिहून ठेवलंय. सोबत एक जागा रिकामी आहे, कुणाला यायचं असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा. पुण्यातून पहाटे चारला निघू.

रोहा_पॅसेंजर
मी रोह्याहून परस्पर महाडला येतो. पाणी तीन लिटर, मधला मार्ग.

चहाबाज
मी येतो. स्टोव्ह माझा. मोहोळापासून किती अंतरावर पेटवायचा तेवढं काकांनी कळवावं.

दत्तूकाका
गावात पेटव. घोटभर आमच्या नावाने पण घे.